आपला अंगठा आपणच लावायचा



गेल्या काही भागांत आपण महानुभाव आणि वारकरी पंथातल्या बायकांबद्दल बोललो. त्यावर एका गटातल्या ताईंचा निरोप आला. त्यांचा मुलगा फौजेत आहे, सध्या नागालँडला. तो फोनवर सांगतो की तिथे गावोगाव चर्च आहे आणि बहुतेक पाट्यांवर ‘बाप्टिस्ट’ असं लिहिलेलं असतं. ताईंनी विचारलं, ‘आपल्या नगरकडे ख्रिश्चन आहेत, वसईला आहेत. मग हे बाप्टिस्ट कोण? त्यांचं वेगळं ते काय?’

आम्ही वाचायला बसलो. वाचता वाचता लक्षात आलं, की हा इतिहास आपल्या गटातल्या एका जुन्या प्रश्नाशी येऊन भिडतो. तो प्रश्न म्हणजे, अंगठा कुणाचा?

कर्जाच्या कागदावर बाईची सही लागते. पुष्कळ घरांत ती कशी होते, ते आपल्याला ठाऊक आहे. घरातलं कुणीतरी कागद पुढे करतं, ‘इथे कर’ म्हणतं, आणि बाई चुलीपुढून उठून पदराला हात पुसत सही करते. काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवत नाही. म्हणून तर आपण गटात नियम केला, की सभासदाने स्वतः बैठकीला यायचं, ठराव ऐकायचा, समजून घ्यायचा आणि मग सही करायची. तिच्या वतीने नवरा नाही, सासरा नाही, मुलगाही नाही.

बाप्टिस्ट लोकांनी चारशे वर्षांपूर्वी हेच देवाधर्माच्या बाबतीत म्हटलं. त्यापायी ते तुरुंगात गेले. पण स्वतः ते या नियमाला किती जागले, हेही आज पाहायचं आहे. आम्ही इथे कुणाला धर्म शिकवायला बसलेलो नाही. एक विचार कुठून निघाला आणि कुठे कुठे अडला, एवढंच सांगणार आहोत.

पाळण्यातली नोंद

सन १६०० च्या आसपासचं इंग्लंड डोळ्यांसमोर आणा. तिथे राजा हाच चर्चचा प्रमुख. मूल जन्मलं की थोड्याच दिवसांत त्याचा बाप्तिस्मा व्हायचा. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेश करण्याचा, पाण्याने करायचा विधी. मूल पाळण्यात असतानाच त्याचा धर्म ठरून जायचा आणि चर्चच्या वहीत त्याचं नाव चढायचं. मोठेपणी रविवारी चर्चला गेलं नाही तर दंड. चार लोकांनी घरात वेगळी प्रार्थना भरवली तर तुरुंगाची भीती.

काही माणसांना हे पटेना. जॉन स्मिथ हा आधी त्याच सरकारमान्य चर्चचा पाद्री होता. थॉमस हेल्विस हा शिकलेला जमीनदार होता. १६०८ च्या सुमारास हे दोघं आणि त्यांच्याबरोबरची बायका-माणसं-पोरं समुद्र ओलांडून हॉलंडमध्ये ॲमस्टरडॅमला गेली. तिथे धर्माच्या बाबतीत जाच कमी होता. १६०९ साली त्यांनी तिथे ठरवलं, की लहानपणी आपल्याला न विचारता झालेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. ज्याला बोलता येतं, समजतं, जो स्वतःच्या तोंडाने ‘माझा विश्वास आहे’ असं म्हणतो, त्याचाच बाप्तिस्मा खरा. स्मिथने पहिल्यांदा स्वतःचा बाप्तिस्मा स्वतःच करून घेतला आणि मग इतरांना दिला. लोकांनी त्याची थट्टा केली. ‘बाप्टिस्ट’ हे नावसुद्धा त्यांचं त्यांनी ठेवलेलं नाही. विरोधकांनी चिडवायला दिलेलं नाव पुढे त्यांना चिकटलं.

ते मानतात ते काय?

सगळे बाप्टिस्ट एका विचाराचे कधीच नव्हते. येशू सगळ्यांसाठी मेला की निवडलेल्यांसाठी, यावरूनच पहिल्या पन्नास वर्षांत त्यांचे दोन तट पडले. तरी काही गोष्टी बहुतेक सगळे धरून असतात.

पहिली गोष्ट आत्ताच सांगितली, स्वतः कबूल केल्याशिवाय बाप्तिस्मा नाही. सुरुवातीला तो डोक्यावर पाणी ओतून होत असे. १६४० नंतर नदीत किंवा हौदात पूर्ण बुडवून द्यायची पद्धत पडली. जुना जन्म पाण्यात गेला, नवा वर आला, असा त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट मंडळीची. त्यांच्या लेखी चर्च म्हणजे इमारत नाही, आणि एका गावात जन्मलेले सगळे लोकही नाहीत. आपल्या राजीखुशीने एकत्र आलेली माणसं म्हणजे चर्च. प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहते. वरून हुकूम देणारा बिशप नाही. पाळक कोण नेमायचा, नवा सभासद घ्यायचा की नाही, पैसा कुठे खर्चायचा, हे सभासदांच्या बैठकीत ठरतं. आपल्या गटासारखंच म्हणा ना.

तिसरी गोष्ट, देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको. बायबल प्रत्येकाने वाचावं, आपल्या मनाला विचारावं. म्हणून वाचता येण्याला त्यांच्यात मोठं मोल आलं. विधीही त्यांनी दोनच ठेवले, बाप्तिस्मा आणि येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षारस वाटून घेण्याचं प्रभुभोजन.

चौथी गोष्ट सगळ्यात महाग पडली. ती अशी, की राजाने माणसाच्या मनावर राज्य करू नये. हेल्विस १६१२ च्या सुमारास इंग्लंडला परत आला. लंडनबाहेर स्पिटलफील्ड्स इथे त्याने मंडळी सुरू केली. इंग्लंडच्या भूमीवरची ही पहिली बाप्टिस्ट मंडळी. त्याच वर्षी त्याने एक पुस्तक छापलं. त्याच्या एका प्रतीवर त्याने जेम्स राजासाठी स्वतःच्या हाताने मजकूर लिहिला, की राजा हा माणूस आहे, देव नाही, आणि प्रजेच्या आत्म्यावर त्याचा अधिकार चालत नाही. पुस्तकात तर तो आणखी पुढे गेला. त्याने लिहिलं, की माणूस पाखंडी असो, मुसलमान असो, यहुदी असो, त्याच्या श्रद्धेबद्दल शिक्षा करायचं काम सरकारचं नाही. ध्यानात घ्या, तो फक्त आपल्या माणसांसाठी सूट मागत नव्हता. ज्यांचा धर्म त्याला मुळीच पटत नव्हता, त्यांच्यासाठीही मागत होता. त्याला न्यूगेटच्या तुरुंगात टाकलं. १६१६ च्या सुमारास तो तिथेच मेला.

जेन व्हेरिनच्या मताचं काय झालं?

आता अमेरिकेत जाऊ. रॉजर विल्यम्स नावाचा एक पाद्री इंग्लंडहून तिथल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत गेला होता. सरकारने धर्मात हात घालू नये, असं तो उघड बोलला म्हणून त्याला हद्दपार केलं. १६३६ साली ऐन थंडीत तो निघाला. नॅरागॅन्सेट या तिथल्या मूळ लोकांच्या प्रमुखांकडून त्याने जागा घेतली आणि प्रॉव्हिडन्स हे गाव वसवलं. गावाचा ठराव असा, की इथे मनाच्या श्रद्धेसाठी कुणाला त्रास व्हायचा नाही. पुढे १६३८-३९ च्या सुमारास विल्यम्सने मोठेपणी नव्याने बाप्तिस्मा घेतला. अमेरिकेतली पहिली बाप्टिस्ट मंडळी या गावातली. विल्यम्स स्वतः काही महिन्यांतच तिच्यातून बाहेर पडला, पण मंडळी टिकली.

त्याच्या आधीच, १६३८ च्या मे महिन्यात, या गावाची परीक्षा झाली. विल्यम्सचा शेजारी होता जोशुआ व्हेरिन. त्याची बायको जेन. विल्यम्सच्या घरी प्रार्थना भरायची, तिथे जेन जायची. जोशुआ स्वतः जात नसे आणि तिलाही जाऊ देईना. त्याने तिला इतकं मारलं की तिच्या जिवावर बेतलं.

गाव बैठकीला बसलं. प्रश्न असा होता, की मनाचं स्वातंत्र्य हा गावाचा नियम, तर तो नवऱ्याने बायकोला अडवण्यावरही लागू होतो का? विल्यम आर्नोल्ड नावाच्या गृहस्थाने सांगितलं, की बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावं हा देवाचाच नियम आहे, तो मोडायला मी या ठरावाला हो म्हटलं नव्हतं. दुसऱ्या बाजूने ग्रीन नावाचा माणूस म्हणाला, आपण बायकांना अडवलं तर मुलखातल्या सगळ्या बाया आपल्या नावाने ओरडतील. शेवटी मतं पडली. बहुमताने ठरलं, की जोशुआने बायकोच्या मनाचं स्वातंत्र्य अडवलं, म्हणून तो सुधारेपर्यंत गावाच्या कारभारात त्याला मत नाही.

मैत्रिणींनो, आम्ही हे वाचून थोडा वेळ गप्प बसलो. १६३८ साल. आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराज लहान होते. आणि त्या काळात एका गावाने म्हटलं, की बाईला नवऱ्याहून वेगळं मन आहे, आणि ते अडवणारा गावाचा गुन्हेगार आहे.

पण पुढचंही ऐका. त्या बैठकीत मत देणारे सगळे पुरुष होते. जेनला कुणी विचारल्याची नोंद नाही. आणि निकालानंतर जोशुआने काय केलं? तो गाव सोडून मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमला परत गेला, आणि विल्यम्सने पत्रात लिहिलंय की तो जेनला दोरांनी ओढत घेऊन जाईल. म्हणजे ठराव तिच्या बाजूने झाला, पण ती वाचली नाही. कागद झाला म्हणजे काम झालं असं नाही, हे आपण ग्रामसभेत कितीदा पाहिलंय.

न्यायाधीशापुढे एलिझाबेथ

परत इंग्लंडला येऊ. बेडफर्ड गावात जॉन बनियन नावाचा भांडी सांधणारा कारागीर होता. दारोदार फिरून तो लोकांच्या गळक्या भांड्यांना ठिगळं लावायचा. तो उपदेशही करायचा, सरकारी परवान्याशिवाय. बेडफर्डची मंडळी बाप्तिस्म्यावरून कुणाला दारात अडवत नसे, पण बाप्टिस्ट लोक बनियनला आपल्यातलाच मानतात. १६६० च्या नोव्हेंबरात त्याला पकडलं. बारा वर्षं तो आत राहिला.

त्याची दुसरी बायको एलिझाबेथ तेव्हा गरोदर होती. नवऱ्याला पकडल्याच्या धक्क्याने दिवस भरायच्या आधीच ती बाळंत झाली आणि बाळ गेलं. घरात सवतीची चार मुलं, त्यातली थोरली आंधळी. अशा अवस्थेत ही पोरसवदा बाई अर्ज घेऊन लंडनला गेली. १६६१ च्या ऑगस्टमध्ये बेडफर्डला न्यायाधीश आले, तेव्हा ती एकदा सोडून तीनदा त्यांच्यापुढे गेली. एकदा तर तिने एका न्यायाधीशाच्या चालत्या बग्गीत अर्ज टाकला. शेवटी भरल्या बैठकीत, मोठमोठ्या लोकांसमोर ती उभी राहिली. न्यायाधीशाने विचारलं, सोडलं तर तो उपदेश थांबवेल का? ती म्हणाली, त्याच्या तोंडात जीभ आहे तोवर नाही थांबणार. चार पोरं आहेत, एक आंधळं आहे, लोकांनी दिलेल्यावर दिवस काढतोय, हेही तिने सांगितलं. मॅथ्यू हेल या न्यायाधीशाला दया आली, त्याने कायद्याच्या वाटा सांगितल्या, पण सुटका काही केली नाही.

बनियन तुरुंगात बसून नाड्या वळायचा आणि त्या विकून घराला हातभार लावायचा. त्याचं जे पुस्तक जगभर गेलं, ते १६७८ साली छापलं. आपल्याकडे हरी केशवजी यांनी १८४१ साली ते ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणलं. त्या पुस्तकाचं कौतुक खूप झालं. आम्हाला मात्र एलिझाबेथ जास्त आठवते. बारा वर्षं तो तत्त्वाला धरून बसला, ते बरोबरच. पण बारा वर्षं चूल तिने पेटती ठेवली.

मराठीचं व्याकरण आणि बंद खोली

आता आपल्या भाषेपर्यंत आलेली गोष्ट. विल्यम कॅरी हा इंग्लंडमधला चांभारकाम करणारा माणूस. १७८१ साली त्याचं लग्न डोरोथी प्लॅकेटशी झालं. तिला लिहिता येत नव्हतं. लग्नाच्या वहीत सहीच्या जागी तिने फुली काढली. अंगठ्यासारखीच ती. कॅरीने १७८३ मध्ये नदीत बाप्तिस्मा घेतला. पुढे तो बाप्टिस्ट पाळक झाला, आणि १७९३ मध्ये त्याने हिंदुस्थानात जायचं ठरवलं.

डोरोथी नाही म्हणाली. ती गरोदर होती, पदरात लहान मुलं होती, आणि मुलूख कधी न पाहिलेला. कॅरी थोरल्या मुलाला घेऊन एकटाच निघाला. जहाजाची अडचण आली आणि त्याला थांबावं लागलं. तोवर डोरोथी बाळंत झाली होती. परत तिला गळ घातली गेली, नाही आलीस तर जन्मभर पस्तावशील असं सांगितलं गेलं. शेवटी, धाकटी बहीण सोबत येत असेल तर येते, असं ती म्हणाली.

१७९३ च्या नोव्हेंबरात ते बंगालमध्ये पोचले. वर्षभरात पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. डोरोथी त्यातून सावरली नाही. तिचं मन आजारी झालं. पुढची बारा-तेरा वर्षं तिने तशीच काढली, बराच काळ बंद खोलीत. १८०७ च्या डिसेंबरात ती गेली.

याच वर्षांत कॅरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवत होता. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने मराठीचं व्याकरण लिहिलं, ते १८०५ मध्ये छापलं. १८१० मध्ये मराठी शब्दकोश आला. मराठीतली अगदी पहिली छापील पुस्तकं त्याच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातली आहेत. सती बंद करावी म्हणूनही तो झगडला. त्याच श्रीरामपुरात हॅना मार्शमन या बाईने शाळा चालवली. हे उपकार विसरायचे नाहीत. पण जो माणूस म्हणत होता, की दुसऱ्याच्या वतीने कुणी हो म्हणू शकत नाही, त्याच्या घरात बायकोच्या ‘नाही’चं काय झालं? तिने हो म्हटलं, हे खरं. पण पिळून काढलेल्या होकाराला होकार म्हणायचं का? हा प्रश्न आम्ही कॅरीला एकट्याला विचारत नाही. तो आपल्या घरातही विचारण्यासारखा आहे.

तत्त्व मोठं, माणसं लहान

अमेरिकेत बाप्टिस्टांचा विचार पुढे कायद्यात उतरला. व्हर्जिनियात त्यांचे उपदेशक तुरुंगात जात होते, ते तरुण जेम्स मॅडिसनने पाहिलं. त्याच मॅडिसनच्या पुढाकाराने १७९१ साली अमेरिकेच्या घटनेत कलम आलं, की सरकार कुठलाही धर्म सरकारी करणार नाही आणि कुणाचा धर्म अडवणारही नाही. १८०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसनने धर्म आणि सरकार यांच्यामधली भिंत असे शब्द वापरले, ते डॅनबरी गावच्या बाप्टिस्टांना लिहिलेल्या पत्रातच.

आणि त्याच अमेरिकेत, १८४५ साली, दक्षिणेतले बाप्टिस्ट वेगळे झाले. कारण काय? गुलाम बाळगणाऱ्या माणसाला धर्मप्रचारक म्हणून नेमायचं की नाही यावर वाद झाला, आणि यांनी गुलाम बाळगणाऱ्यांची बाजू घेतली. ज्यांनी मनाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंग सोसला, त्यांच्याच वारसांनी माणसाच्या देहाची विक्री चालू दिली. याबद्दल त्यांनी माफी मागितली ती १९९५ साली, दीडशे वर्षांनी.

पण गुलामीत असलेल्या काळ्या लोकांनीही तेच तत्त्व उचललं होतं. आपली मंडळी आपण चालवायची, आपला पाळक आपण निवडायचा. जिथे त्यांना कुठेच मत नव्हतं, तिथे मंडळीत मत होतं. मार्टिन ल्यूथर किंग हे अशाच मंडळीत वाढले. १९५९ मध्ये ते गांधीजींच्या विचाराचा शोध घेत आपल्या देशात आले होते.

त्याच काळ्या मंडळ्यांतली नॅनी हेलन बरोज ही आपल्या गटांनी ओळखून ठेवावी अशी बाई. १९०० साली मोठ्या परिषदेत ही एकवीस वर्षांची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, की बहिणींना काम करायचंय, पण त्यांना अडवलं जातंय. त्याच वर्षी बायकांची वेगळी संघटना झाली. १९०९ मध्ये तिने वॉशिंग्टनमध्ये मुलींची शाळा काढली. पैसा आला तो मुख्यतः धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या काळ्या बायकांनी दिलेल्या थोड्या थोड्या रकमेतून. आपण थेंबे थेंबे म्हणतो, तसं.

बायकांनी पाळक व्हावं का, यावर मात्र बाप्टिस्टांमध्ये आजही भांडण आहे. काही मंडळ्यांत बायका पाळक आहेत. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मोठ्या संघाने ते पद पुरुषांसाठीच असं लिहून ठेवलंय. आर्नोल्ड आणि ग्रीन यांचा तो वाद अजून मिटलेला नाही.

तर ताई, नागालँडच्या त्या पाट्यांचा अर्थ हा. कुणीतरी कधीतरी म्हटलं, की माझ्या वतीने माझ्या देवाला दुसऱ्याने उत्तर द्यायचं नाही. आपल्या भारताच्या घटनेतही कलम २५ मध्ये सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य दिलंय. शब्द अवघड आहे, अर्थ साधा आहे. माझं मन माझं. ते बाईलाही आहे, आणि सासरी जाताना ते माहेरी ठेवून जायचं नसतं.

पुढच्या बैठकीत आपण एवढंच करू या. गेल्या वर्षभरात आपण जिथे जिथे सही केली, ते कागद आठवू. कुठल्या कागदाला आपण खरंच हो म्हटलं होतं, आणि कुठे नुसता हात हलला होता, ते एकमेकींना सांगू. जिथे नुसता हात हलला, तिथे पुढच्या वेळी ‘आधी वाचून दाखवा’ एवढं म्हणायची तयारी गटाने मिळून करू. जेन व्हेरिनच्या बाजूला तिच्या बैठकीत एकही बाई नव्हती. आपल्या बैठकीत आपण आहोत.

पुन्हा भेटू. नमस्कार.